बॅरिस्टर बाबासाहेब आणि मयताचे नातलग

लोणारचे सरोवर पाहायला जग येते. पण तालुक्यात मयताचा पंचनामा होतो तेव्हा घरच्यांच्या बाजूने बहुधा वकील नसतो. अशा वेळी आम्हाला बॅरिस्टर बाबासाहेब आठवतात.

१९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेपुरते पैसेही जवळ नव्हते. मित्र नवल भथेनांनी दिले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकेनात. तरी १९२६ मध्ये त्यांनी जेधे-जवळकरांना पुण्याच्या खटल्यातून सोडवले. महाडच्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालला, १९३७ साली हायकोर्टात जिंकला. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनीच मांडलेली तरतूद आज कलम २२ आहे : अटकेतल्याला पसंतीचा वकील. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पण हा हक्क जिवंताचा. कोठडीत मेलेल्याचे काय? २००५ च्या दुरुस्तीने ती चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे आली. आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६ आहे. शक्य तिथे नातलगांना कळवावे, हजर राहू द्यावे, एवढेच त्यात. वकील देण्याबद्दल अक्षर नाही!

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीचा कायदा शिकणारा आमचा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या आईसाठी बाबासाहेबांचे नातू अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले, तेव्हा कुठे जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला.