पदवीवाचूनचा गुरू : डॉ. सालिम अली

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटेही उघडून दाखवली.

पुढचे शिक्षण रखडतच झाले. मोठी पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेत जागा मिळाली नाही. मुंबईच्या संग्रहालयात मिळालेल्या नोकरीतून रजा घेऊन ते १९२९ मध्ये बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. परतून पाहतात तो पैशाअभावी पदच रद्द! पद रद्द होणे म्हणजे काय, हे आम्हा सरकारी नोकरांना सांगायला नको.

मग पत्नी तेहमिनासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर, कापडाच्या आडोशात तासन्‌तास बसून त्यांनी पाहिले की नर घरटे अर्धेच विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडले की तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणू लागतो! हा अभ्यास १९३१ मध्ये छापून आला आणि त्यांचे नाव झाले. नोकरी असती तर हे झाले असते का, असे मला नेहमी वाटते.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना कळवले की, मुक्कामाचा खर्च द्या, मी बिनपगारी पक्षी मोजतो. हैदराबादपासून सुरुवात झाली. १९३८ मध्ये आपले इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, धार येथेही पाहणी झाली. तंबू आणि मुक्कामाची व्यवस्था तेहमिनाबाई पाहत. १९३९ मध्ये त्या गेल्या, तो घाव मोठा होता.

पुढे मुंबई विद्यापीठाने याच माणसाला संशोधनाचे मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. त्यांचे विद्यार्थी पुस्तकांपेक्षा रानातच जास्त शिकले. भरतपूरच्या पाणथळीत बारीक जाळ्यांत पक्षी अलगद धरायचे, मापे घ्यायची, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडायचे आणि जागच्या जागी वहीत टिपायचे. सुरुवातीच्या एका विद्यार्थ्याने तर डॉक्टरेटसाठी सुगरणच निवडली.

गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडून, ते मुंबईतच वारले.