अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा

मैत्रिणींनो, आता या वयात कसला छंद, असं आपण किती सहज म्हणून टाकतो! बचत गटात हे ऐकलं, की मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन आठवते.

तिचा जन्म १८१५ चा, तेव्हाच्या कलकत्त्यातला. लग्न, सहा मुलं, पैपाहुणे यातच निम्मं आयुष्य गेलं. पुढे ती इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर राहायला आली. नवरा सिलोनला कॉफीच्या मळ्यांवर गेलेला, मुलं मोठी झालेली. १८६३ च्या नाताळात लेक-जावयानं तिला कॅमेरा दिला. वय ४८!

घरात नोकरचाकर होते हे खरं, पण कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो काढून धुवायचा. हात काळे व्हायचे. पहिला मनासारखा फोटो निघाला जानेवारी १८६४ मध्ये, ऐन हिवाळ्यात. पुढे घरातली मोलकरीण, शेजारची मुलं, कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन असे सगळे तिच्यासमोर बसले. फोटो धूसर म्हणून जाणकारांनी नावं ठेवली, पण तिनं आपली रीत सोडली नाही.

१८७५ मध्ये सिलोनला जातानाही कॅमेरा बरोबर होताच. तिथं तिनं मळ्यातल्या कामकरी माणसांचे फोटो काढले. १८७९ मध्ये ती तिथंच वारली.

आपल्या मोबाइलमध्ये तर कॅमेरा आयताच आहे. आंब्याचा मोहर, श्रावणातलं ऊन, गावाला जाताना दिसलेली वाट... टिपायला काय हरकत आहे?