मादाम क्युरी आणि एक्स-रेची गाडी



मागच्या वर्षी मी चिंचेच्या झाडावरून पडलो. हात टम्म सुजला. बाबांनी मला एसटीने नागपूरला मेडिकलमध्ये नेले. तिथे माझ्या हाताचा फोटो काढला. आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. फोटो काढणाऱ्या एक ताई होत्या. मला वाटले त्या डॉक्टरच आहेत. पण त्या टेक्निशियन होत्या. त्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला होता. बटन दाबायच्या वेळी त्या आडोशामागे गेल्या आणि मी एकटाच राहिलो. मला तर भ्याच वाटलं.

शाळेत आल्यावर मी बाईंना विचारले. बाईंनी मला मादाम क्युरी यांचे चरित्र वाचायला दिले. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

मादाम क्युरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंड देशात वॉर्सा या शहरी झाला. माहेरचे नाव मारिया. वडील शिक्षक होते. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयाने वारली. तेव्हा तिथे रशियाचे राज्य होते आणि मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. मग दोघी बहिणींनी एक युक्ती केली. मारियाने लोकांच्या घरी राहून मुले शिकवली आणि मोठ्या बहिणीला पॅरिसला डॉक्टरकीसाठी पैसे पाठवले. नंतर बहिणीने तिला बोलावून घेतले. १८९१ साली मारिया पॅरिसला गेली. थंडीत, अर्धपोटी राहून शिकली आणि १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली.

१८९५ साली तिने पिएर क्युरी या शास्त्रज्ञाशी लग्न केले. त्याच साली जर्मनीत रॉंटगेन यांना एक्स-रे सापडले. हे किरण मांसातून आरपार जातात, पण हाड त्यांना अडवते. म्हणून फोटोत हाड पांढरे दिसते. क्युरी नवरा-बायकोने १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली पिएर घोडागाडीखाली सापडून वारले. दोन लहान मुली होत्या, तरी मादाम क्युरींनी काम सोडले नाही. १९११ साली त्यांना दुसरे नोबेल मिळाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. जखमी शिपायांच्या अंगात गोळी कुठे रुतली ते डॉक्टरांना दिसत नसे. एक्स-रेची यंत्रे शहरात आणि शिपाई रणांगणावर! मग मादाम क्युरींनी मोटारगाडीतच यंत्र बसवले. गाडीच्या इंजिनावर वीज तयार व्हायची. अशा सुमारे २० गाड्या त्यांनी उभ्या केल्या. दोन नोबेल मिळालेली ही बाई स्वतः गाडी चालवायला शिकली, बिघडली तर दुरुस्तही करू लागली.

पण नुसत्या गाड्या काय कामाच्या? यंत्र चालवणारे पाहिजेत ना! म्हणून १९१६ पासून त्यांनी पॅरिसला बायांना शिकवणे सुरू केले. वीज, किरण आणि शरीराची रचना असे विषय होते. सुमारे १५० बाया तयार झाल्या. त्यांची थोरली मुलगी इरेन हिनेही तिथे शिकवले. लढाई सुरू झाली त्याच साली इरेन सतरा वर्षांची झाली. पुढे १९३५ साली तिलाही नोबेल मिळाले.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. किरण अंगावर फार पडले तर अपाय होतो, हे तेव्हा नीट कळले नव्हते. मादाम क्युरी रेडियमची नळी खिशातसुद्धा ठेवायच्या. त्यांच्या अंगात रक्त तयार होणेच कमी झाले आणि ४ जुलै १९३४ रोजी त्या वारल्या. त्यांच्या वह्या अजूनही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

आता मला त्या बिल्ल्याचा उलगडा झाला. काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरण पडले, ते त्यावरून मोजतात. शिसे किरण अडवते, म्हणून शिशाचा आडोसा असतो. टेक्निशियन दिवसभर तेच काम करतात, म्हणून त्यांना जास्त जपावे लागते. माझ्यासारख्याला एखादा फोटो काढून काही होत नाही.

हे सगळे लिहायचे कारण माझी ताई. ती बारावी सायन्सला आहे, तीही सतराच वर्षांची. तिला नागपूरला जाऊन हेच शिकायचे आहे. बाबा म्हणतात की किरणांचे काम पोरीच्या जातीला नको. ताई दोन दिवस नीट जेवली नाही.

आज पालकसभा आहे. बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर एवढेच सांगतो. माझा हात ज्यांच्यामुळे नीट बसला, त्या ताईसुद्धा कुणाच्या तरी पोरीच आहेत. आणि आता बिल्ला आहे, शिसे आहे. मादाम क्युरींपाशी एवढी सोय नव्हती.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी