भंगारात जाणाऱ्या वस्तूंचं सोनं करणारे 'काका' केळकर

माळा साफ करायला काढला की काय काय निघतं बघा. पणजीचा पितळी अडकित्ता, गंजलेलं मोठं कुलूप, काळी पडलेली समई, एखादी दौत. दारात भंगारवाला आला की किलोचा भाव ठरतो आणि विषय संपतो. पण अशाच वस्तूंच्या मागे एका माणसाने आपलं सगळं आयुष्य घातलं. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. लोक त्यांना काका म्हणायचे.

काकांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा. ते ना संस्थानिक होते, ना सावकार. पुण्यात त्यांच्या घरचा चष्म्याचा धंदा होता. कवितेचा नाद होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहायचे. इतिहासाची ओढ होतीच. त्यातून 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायचा छंद लागला आणि तो पुढे सुटलाच नाही.

जुन्या वस्तू जमवणारे तेव्हाही होते. पण बहुतेकांची नजर तलवारी, नाणी, राजेरजवाड्यांच्या दागिन्यांवर असायची. काकांची नजर स्वयंपाकघरात आणि माजघरात जायची. विळी, किसणी, पानाचा डबा, दिवे, कुलपं, वाद्यं, पाय घासायची वज्री, सगळं त्यांनी जमवलं. सुपारी कातरायच्या अडकित्त्याला कुणी घोड्याचा आकार दिलेला, तर वज्रीवर कुणी पक्षी बसवलेला. ज्या कारागिरांनी हे घडवलं त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्यांच्या हातचं काम तेवढं शिल्लक राहिलं, आणि तेच काकांना मोलाचं वाटलं.

या वस्तूंसाठी ते देशभर फिरले. घरातला पैसा यात जात होता, घरातली जागाही व्यापत होती. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली म्हणूनच हे निभावलं.

मधेच घरावर मोठा घाव बसला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. काकांनी मग हा सगळा संग्रह त्याच्या नावाने उभा केला. पुण्यातल्या शुक्रवार पेठेतल्या 'राजा दिनकर केळकर संग्रहालया'ची पाटी वाचून पुष्कळांना वाटतं, कुणी राजे असतील. तसं नाही. तो राजा म्हणजे लहानपणी गेलेला एक मुलगा आणि दिनकर त्याचे वडील.

कोथरूडला मस्तानीचा महाल होता. त्याचे उरलेले भागही काकांनी आणले आणि संग्रहालयात त्या महालाचं दालन पुन्हा उभं केलं.

वस्तू हजारोंनी वाढल्या. त्या विकल्या असत्या तर पैसाच पैसा झाला असता. पण 1975 मध्ये काकांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे 20 हजारांहून जास्त वस्तू आहेत. जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. 1990 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी काका गेले.

आता आपल्या गावाकडचं बघू. एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरातली वस्तू जपणं वेगळं आणि जमीन उकरून धन शोधणं वेगळं. नांगरताना किंवा पाया खोदताना जुनी नाणी, मूर्ती असं काही निघालं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते लपवलं तर गुन्हा होतो.

घरातला अडकित्ता, कुलूप असल्या वस्तू जपायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी माळा काढाल तेव्हा अडकित्ता तराजूत टाकण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कुणाचा, कुठून आणला, कशासाठी वापरायचे. जे सांगतील ते लिहून ठेवा. वस्तू एकदा वितळली की परत मिळत नाही, आणि सांगणारं माणूसही कायम राहत नाही.