पालिसीची भट्टी

फ्रान्सच्या पश्चिम भागात सँत नावाचे जुने नगर आहे. सुमारे १५४० साली बेर्नार पालिसी हा कारागीर तेथे राहत होता. काचेवर चित्रे रंगवून व जमिनीची मोजणी करून तो पोट भरी. एके दिवशी मातीचा एक पेला त्याच्या पाहण्यात आला. पेल्यावरची झिलई इतकी सुंदर होती की, तशी झिलई आपणही साधावयाची, असा ध्यास त्याने घेतला. वास्तविक त्याला मातीकामाचा गंधही नव्हता.

त्याने मडकी विकत आणून फोडली आणि खापऱ्यांवर नाना द्रव्यांची पूड लावून त्या भाजून पाहिल्या. कुंभाराच्या भट्टीची आच झिलई वितळण्यास पुरत नाही, हे उमजेपर्यंत काही वर्षे गेली. पुढे काचेच्या भट्टीत त्याने तीनशेहून अधिक खापऱ्या पाठविल्या. त्यांपैकी एक तेवढी पांढरीशुभ्र निघाली!

मग त्याने घरीच भट्टी बांधली. विटा त्याने स्वतःच्या पाठीवर वाहून आणल्या. भांड्यांना लेप देऊन त्याने भट्टी पेटविली आणि सहा दिवस व सहा रात्री तो तिच्यापुढून हलला नाही. झिलई काही वितळेना. त्याने द्रव्ये पुन्हा कुटली, नवी भांडी आणली. तोच सरपण संपले. आच उतरली असती, तर सारे श्रम वाया गेले असते. पालिसीने बागेतील वेलींचे खांब उपटून जाळले. तेही पुरेनात, तेव्हा घरातील मेजे आणि अखेर जमिनीच्या फळ्याही त्याने भट्टीत घातल्या. हा खोटी नाणी पाडतो, अशी आवई गावात उठली. घरात मुले उपाशी होती. पत्नीने त्याला दूषणे दिली, ती काही अन्यायाने नव्हेत.

पुढच्या एका खेपेस भट्टीच्या चुन्यातील गारगोट्या उष्णतेने फुटून त्यांच्या कपच्या भांड्यांवर चिकटल्या. ती भांडी स्वस्तात घेण्यास लोक तयार होते. पण पालिसीने ती सर्व फोडून टाकली.

अशी सुमारे सोळा वर्षे लोटली. अखेर त्याची कला सिद्ध झाली. साप, बेडूक, मासे, शिंपले यांचे प्रत्यक्ष ठसे घेऊन तो थाळ्या घडवी; रंग असे हुबेहूब की, बेडूक आता उडी मारील, असे वाटे! राणी कातरीनने त्याला पॅरिसला नेऊन राजवाड्याच्या बागेचे काम दिले. तेथे १५७५ पासून तो व्याख्याने देऊ लागला. डोंगरातील दगडांत सापडणारे शिंपले एके काळी जिवंत प्राण्यांचे होते, असे तो विद्वानांना बजावी.

तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता. त्या काळी फ्रान्समध्ये हा अपराध ठरे. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या पालिसीला बॅस्टिलच्या तुरुंगात डांबण्यात आले. पण त्याने आपला पंथ सोडला नाही. १५९० च्या सुमारास तेथेच त्याचा अंत झाला. सुमारे चार शतकांनंतर पॅरिसच्या लूव्र राजवाड्याजवळ उत्खनन झाले. तेव्हा त्याच्या कारखान्यातील साचे आणि खापरांचे ढीग मातीखालून वर आले.