नवे बूट चावले म्हणून तो अनवाणी पळाला आणि थेट ऑलिम्पिकचं गोल्ड जिंकला

थंडी सुरू झाली की मॅरेथॉनचा सीझन येतो आणि त्याच्या मागोमाग एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना माणसं आणि मधून एक सडपातळ गडी अनवाणी पळतोय. खालच्या मजकुराचा अर्थ ठरलेला. या माणसाने बूट न घालता ऑलिम्पिक मारलं, मग तुम्ही दहा-दहा हजारांचे रनिंग शूज कशाला घेता.

फोटो खरा आहे. गोल्डसुद्धा खरं आहे. पण तो अनवाणी का पळाला आणि पुढे त्याने काय केलं, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. आणि खरा विषय तिथेच आहे.

त्याचं नाव अबेबे बिकिला. इथिओपियात आपल्यासारखं आडनाव नसतं. अबेबे हे त्याचं नाव आणि बिकिला हे वडिलांचं. जग त्याला बिकिला म्हणतं, पण त्याच्या देशात तो अबेबेच. इथेही अबेबेच म्हणूया.

७ ऑगस्ट १९३२ ला जाटो नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिकडे लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळवली जात होती. अबेबे तीन वर्षांचा असताना मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठा झाल्यावर तो सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षक दलात भरती झाला. तिथे त्याला ओनी निस्कानेन हा स्वीडिश कोच भेटला. आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून दोन हजार तीनशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत पळून पळून अबेबे तयार झाला. लहानपणापासून पायात काही नसण्याची सवय होतीच. तळवे घट्ट झालेले, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर त्या पळण्याला सरावलेली. हे एका महिन्यात झालेलं नव्हतं, त्यासाठी अख्खं आयुष्य गेलं होतं.

१९६० साली तो रोम ऑलिम्पिकला गेला. त्याला बाहेर कुणी ओळखत नव्हतं.

त्या काळात बुटांच्या धंद्यात दोन जर्मन भावांची जबरदस्त खुन्नस चालू होती. एकाची आदिदास, दुसऱ्याची प्युमा. रोममध्ये दोघेही खेळाडूंच्या पायात आपला बूट जावा म्हणून धडपडत होते. शंभर मीटरचा विजेता आर्मिन हारी पळाला प्युमा घालून आणि मेडल घ्यायला गेला आदिदास घालून, इथपर्यंत मजल गेली होती. अबेबेच्या वाट्याला मात्र उरलंसुरलं आलं. एक हकिगत अशी सांगितली जाते, की तो आदिदासकडे पोचेपर्यंत मोजकेच जोड शिल्लक होते आणि मिळालेला जोड पायाला नीट बसला नाही. दुसरी हकिगत सांगते, की रोममध्ये घेतलेल्या नव्या बुटांनी फोड आले. हकिगत कोणतीही घ्या, मुद्दा एकच निघतो. शर्यत तोंडावर आली होती आणि बूट चावत होता.

अशा वेळी दोनच पर्याय होते. नवा, न बसणारा बूट घालून ४२.१९५ किलोमीटर पळायचं किंवा जे पायाला माहीत आहे तसं पळायचं. त्याने दुसरा पर्याय घेतला. म्हणजे अबेबेने बुटांना नकार दिला नव्हता, न बसणाऱ्या बुटांना दिला होता. व्हॉट्सॲपवाल्या मेसेजने नेमकी हीच गोष्ट गाळली आहे.

आजही हौशी धावपटू नेमकी इथेच माती खातात. रेसच्या आदल्या दिवशी बिब घ्यायला एक्स्पोमध्ये जायचं, डिस्काउंट बघून नवा जोड घ्यायचा आणि सकाळी तोच घालून उभं राहायचं. पाच तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याची पावलं चाळीस हजारांच्या वर जातात. दुकानात दोन फेऱ्या मारताना जी शिवण जाणवतही नाही, ती इतक्या पावलांत कातडी सोलून काढते. त्यात लांब पळताना पाय सुजतो. म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावं, पळताना घालता तेच मोजे नेऊन. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि टाच मागे सरकता कामा नये. रेसला जो जोड घालायचा, त्यात आधी दोन-चार लांब रन झालेले असावेत. रोजच्या पळण्याला मजबूत, जरा जाड सोलचा वेगळा जोड ठेवला तर दोन्ही जास्त टिकतात. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर सोलमधला फोम बसतो, मग वरून बूट कितीही नवा दिसो. ब्रँड कोणता, हा प्रश्न या सगळ्यानंतरचा.

तर परत रोमकडे.

१० सप्टेंबर १९६०. उन्हामुळे शर्यत संध्याकाळी साडेपाचला सुरू झाली. अंधार पडल्यावर सैनिक हातात मशाली घेऊन रस्त्याकडेला उभे होते. वाटेत प्राचीन अप्पियन मार्गाचा भागही होता. निस्कानेनने अबेबेला मोरोक्कोच्या राडी बेन अब्देसलामवर नजर ठेवायला सांगितलं होतं, त्याचा नंबर २६ असेल असं धरून. राडी पळत होता १८५ नंबर लावून. त्यामुळे अबेबे त्याच्याच शेजारून पळत असताना २६ नंबरवाल्याला शोधत राहिला.

शेवटच्या टप्प्यात रस्त्यावर एक उंच दगडी स्तंभ लागत होता. हा अक्सुमचा स्तंभ. मुसोलिनीच्या सैन्याने तो इथिओपियातून उचलून १९३७ मध्ये रोमला आणला होता. अबेबे आणि निस्कानेन यांनी आधीच रस्ता फिरून पाहिला होता आणि शेवटचा जोर इथूनच लावायचा असं ठरवलं होतं. तसंच झालं. स्तंभापाशी अबेबेने वेग वाढवला आणि राडीला मागे टाकलं. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली त्याने शर्यत संपवली तेव्हा वेळ होती २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद. जगातली तोवरची सर्वोत्तम. ज्या शहरातून त्याच्या देशावर फौज पाठवली गेली, तिथेच सम्राटाच्या रक्षक दलातला शिपाई पहिला आला. (तो स्तंभ इटलीने परत केला, पण त्यासाठी २००५ साल उजाडावं लागलं.)

यानंतर सगळ्या जगाला अबेबे अनवाणीच हवा होता. गोष्टच तशी होती. बूट बनवणाऱ्यांना मात्र तो बुटात हवा होता.

१९६१ मध्ये तो जपानला ओसाकाच्या मॅरेथॉनसाठी गेला. तिथे किहाचिरो ओनित्सुका त्याला भेटायला आले. ज्यांची ओनित्सुका टायगर कंपनी पुढे आसिक्स झाली, तेच हे. जपानच्या रस्त्यांवर अनवाणी पळणं धोक्याचं आहे, असं त्यांनी त्याला पटवलं आणि आपले बूट दिले. अबेबेने ते घातले आणि ओसाका जिंकली. म्हणजे पायाला बसणारा बूट मिळाल्यावर त्याने तो घातला. यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

१९६३ मध्ये बोस्टनला तो पाचवा आला. पूर्ण केलेल्या मॅरेथॉनमध्ये अशी हार त्याच्या वाट्याला क्वचितच आली.

मग १९६४, टोकियो ऑलिम्पिक. शर्यतीच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. २१ ऑक्टोबरला तो उभा राहिला तेव्हा पायात पांढरे मोजे आणि प्युमाचे बूट होते. २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंदांत तो स्टेडियममध्ये पोचला, पुन्हा जगात सर्वोत्तम. दुसरा धावपटू तब्बल चार मिनिटांनी आला. तोपर्यंत अबेबे मैदानातल्या हिरवळीवर निवांत व्यायाम करत होता. ऑलिम्पिक मॅरेथॉन सलग दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

रोमपेक्षा तीन मिनिटं कमी. याचं श्रेय बुटांना देणं चुकीचं ठरेल, कारण रस्ता वेगळा, हवा वेगळी आणि चार वर्षांचा अनुभव जमेला होता. पण बुटाने त्याचा वेग खाल्ला नाही, एवढं तरी दिसतंच.

अनवाणी पळून मोठी वेळ काढणारे आपल्याकडेही झाले. शिवनाथ सिंग अनवाणी पळायचे आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली. तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशकं कुणाला मोडता आला नाही. पण त्यांचेही पाय त्याच सवयीत घडलेले होते. वर्षानुवर्षं ऑफिसमध्ये बुटात पाय घालून बसलेल्या माणसाने अचानक बूट काढून पळायला घेतलं, तर टाचेवरचा भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. ती शीर दुखावली की महिनोन्महिने घरी बसावं लागतं. कुणाला तसं पळायचंच असेल तर आधी काही मिनिटं, मग हळूहळू वाढवत, कित्येक महिने द्यावे लागतात.

अबेबेच्या शेवटाकडे फारसं कुणी बघत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पायाच्या दुखापतीमुळे सतराएक किलोमीटरवर तो थांबला. मामो वोल्डे या त्याच्याच सहकाऱ्याने गोल्ड घेतलं. मार्च १९६९ मध्ये त्याच्या फोक्सवॅगन बीटलला अपघात झाला. ही गाडी त्याला टोकियोच्या विजयानंतर सम्राटांनी दिली होती. मणक्याला मार बसला आणि तो पुन्हा कधी चालू शकला नाही. उपचारांसाठी त्याला इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला नेलं. तिथे त्याने धनुष्यबाण हातात घेतला आणि व्हीलचेअरवर बसून स्पर्धेत उतरला. पुढे नॉर्वेत बर्फावरच्या स्लेजची शर्यतही जिंकला. २५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय अवघं ४१. अंत्ययात्रेला हजारो लोक होते, स्वतः सम्राटही आले होते.

मेल्यानंतरही बुटांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. २००९ च्या आसपास अमेरिकेत अनवाणी पळण्याची लाट आली. त्या लाटेत विब्रम कंपनीचे पाच बोटांचे, हातमोज्यासारखे दिसणारे बूट धडाक्यात खपले. २०१० मध्ये त्यातल्या एका मॉडेलला नाव दिलं गेलं बिकिला. अनवाणी पळाल्याबद्दल लक्षात राहिलेल्या माणसाच्या नावाने बूट! या बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून ग्राहकांनी केलेला खटला कंपनीने २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवला. २०१५ मध्ये अबेबेच्या कुटुंबाने परवानगी न घेता नाव वापरलं म्हणून अमेरिकेत दावा ठोकला. पुढच्या वर्षी कोर्टाने तो काढून टाकला. कारण दिलं, की कुटुंबाने दावा करायला फार उशीर केला.