समुद्र घरात आणणाऱ्या झानबाई

आपल्या नातेपुत्याला समुद्र नाही. समुद्र लांब कोकणात. आपल्याकडं कालवा आहे, विहिरी आहेत आणि पाऊस झाला तर ओढ्याला पाणी असतं. तरीपण मी आज समुद्रातले प्राणी सांभाळणाऱ्या एका बाईंची माहिती लिहिणार आहे. त्यांचे नाव झान विल्प्रे-पॉवर. नाव अवघड आहे, म्हणून मी त्यांना झानबाई म्हणणार.

झानबाईंचा जन्म सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्स देशातील झुयाक नावाच्या खेडेगावात झाला. त्यांचे वडील जोडे शिवत. आई कपडे शिवत असे. झान ही थोरली मुलगी. तिला लिहायवाचायला येत होते, पण मोठ्या शाळेत ती कधी गेली नाही. १८१२ साली ती पॅरिस शहराला शिवणकाम करायला निघाली. तेव्हा ती जवळजवळ अठरा वर्षांची होती. गाडीभाड्याला पैसे कुठले! ती पायी निघाली. तिचं गाव ते पॅरिस चारशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

आपल्या गावात माउलींची पालखी मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांचे पाय सुजलेले आपण बघतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. वारकऱ्यांबरोबर दिंडी असते, भजन असते, जेवायला वाढणारी गावं असतात. झानसाठी असं काही नव्हतं. वाटेत अडचण आली आणि तिला थांबावे लागले. पॅरिसला पोचायला उशीर झाला, म्हणून ठरलेलं काम दुसऱ्या मुलीला देऊन टाकलं होतं! मग एका दुसऱ्या शिवणारणीने तिला ठेवून घेतले. तिचा हात चांगला होता. १८१६ साली फ्रान्सच्या राजघराण्यात लग्न होते. नवरी सिसिलीकडची राजकन्या होती. तिच्या लग्नाच्या कपड्यावरचे भरतकाम झानने केले. त्यामुळे तिचे नाव झाले.

पुढे तिची जेम्स पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी ओळख झाली. १८१८ साली सिसिलीमधल्या मेस्सिना शहरात त्यांचे लग्न झाले. सिसिली हे मोठे बेट आहे. नकाशात इटली देश बुटासारखा दिसतो आणि बुटाच्या टोकापुढे सिसिली आहे. जोडे शिवणाऱ्याची मुलगी बुटाच्या टोकाशी राहायला गेली, हे मला नकाशा बघताना सापडलं.

तिथं झानबाई वीस वर्षांहून जास्त राहिल्या. शिवणकाम सोडले. बेटावर पायी फिरून त्या झाडे, फुलपाखरे, शिंपले, शंख गोळा करू लागल्या आणि पुस्तके वाचून स्वतःच शिकल्या. पण त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष एका प्राण्यावर बसलं. त्याचे नाव अर्गोनॉट. तो आठ हातांच्या ऑक्टोपसचा भाऊबंद आहे. त्याच्या मादीला पांढरा शंख असतो, अगदी कागदासारखा पातळ. बोट लावलं तर मोडेल असा. नर मात्र अगदी चिमुकला असतो आणि त्याला शंखच नसतो.

आता भांडण असं होतं की हा शंख कोणाचा? प्राणी शंखाला आतून चिकटलेला नसतो. म्हणून काही विद्वान म्हणत की तो शंख दुसऱ्याचा आहे, याने तो पळवला आहे. एका जातीचा खेकडा असाच रिकाम्या शंखात घुसून राहतो. दुसरे म्हणत, शंख त्याचा स्वतःचाच आहे. हा वाद खूप जुना होता. मला वाटतं तो मिटत नव्हता याचं कारण म्हणजे विद्वान लोक बाटलीत घातलेला मेलेला अर्गोनॉट बघत. मेलेला प्राणी काय सांगणार? तो जिवंत बघायला पाहिजे होता, आणि समुद्रात माणूस जवळ गेला की तो खाली निघून जातो.

म्हणून १८३२ साली झानबाईंनी काचेची पेटी बनवून घेतली. तिच्यात समुद्राचे पाणी भरले आणि जिवंत प्राणी घरातच ठेवले. बाहेरून सगळे दिसते आणि प्राण्याला त्रास नाही. आज घरात, दवाखान्यात, हॉटेलात माशांची काचपेटी दिसते, तिची सुरुवात ही अशी झाली.

पण पेटीत एक अडचण असते. खाल्लेले उरते, प्राण्यांची घाण साठते आणि पाण्यात मिसळलेली हवा संपत जाते. मग पाणी कुजतं आणि प्राणी मरतात. सारखे नवे पाणी आणून ओतावे लागते. समुद्राचे पाणी बादल्यांनी वाहणे म्हणजे काही खेळ नाही. हंडे वाहणाऱ्याला विचारा!

झानबाईंनी याच्यावर युक्ती काढली. मला ही युक्ती फार आवडली, म्हणून जास्त लिहितो. त्यांनी दुसरी काचपेटी पिंजऱ्यात बसवली. ती समुद्रात सोडायची आणि बघायचं असेल तेव्हा वर काढायची. तिसरा तर मोठा पिंजराच केला आणि मेस्सिनाजवळ समुद्रातच नांगर टाकून ठेवला. गजांतून समुद्राचं पाणी आत येतं आणि बाहेर जातं. घाण आपोआप वाहून जाते, नवी हवा आपोआप येते. पाणी बदलायची गरजच नाही! समुद्र झानबाईंचं काम करत होता, आणि बाईंनी फक्त खाणे द्यायचे आणि बघत बसायचे. लोक प्राण्याला घरी आणतात आणि मग समुद्र कसा आणायचा म्हणून डोके खाजवतात. बाईंनी प्राण्याला त्याच्याच घरी ठेवले आणि बाहेर फक्त कुंपण घातले.

मग त्यांनी प्रयोग केले. अर्गोनॉटच्या शंखाचा थोडा तुकडा मोडला आणि बघितलं. मादीचे दोन हात टोकाला पसरट असतात. त्या हातांनी तिने मोडकी जागा झाकली आणि तिथे नवा पातळ थर तयार केला. अंड्यातून निघालेली पिल्लेही त्यांनी पाहिली. पिल्लांना शंख नव्हता. शंख नंतर तयार होतो. म्हणजे शंख चोरीचा नव्हताच, तो तिने स्वतः केलेला होता. पूर्वी लोकांना वाटे की हे पसरट हात शिडासारखे उभारून ती नाव चालवते. ते हात शिवणाऱ्या बाईच्या हातांसारखे निघाले. कपडे शिवणाऱ्या बाईंनाच ते कळलं, हे मला बरं वाटलं.

१८३४ पासून हे शोध कातानिया शहरातल्या विद्वानांच्या सभेपुढे मांडले गेले. त्या सभेने झानबाईंना सभासद केले. बाई सभासद होण्याची तिथली ही पहिलीच वेळ होती. १८३९ साली लंडनमधल्या प्राणिशास्त्राच्या सभेत रिचर्ड ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञाने त्यांचे काम सांगितले. झानबाईंनी आणखी एक सुचवले होते. ज्या नद्यांतले मासे संपत आलेत तिथे पिंजऱ्यात वाढवलेले मासे सोडावेत. आपल्याकडे तळ्यात मत्स्यबीज सोडतात, त्याच्यासारखंच हे.

मग वाईट झाले. सिसिली सोडताना त्यांनी जमवलेल्या वस्तू, चित्रे आणि कागदपत्रे जहाजाने पाठवली होती. ते जहाज बुडाले. ज्या समुद्राने इतकी वर्षे मदत केली त्यानेच सगळं घेतलं. त्यानंतर त्या लिहीत राहिल्या, पण नवे प्रयोग केले नाहीत. हे वाचून मला फार वाईट वाटले.

इकडे इंग्लंडमध्ये काचपेटीचे वेड सुरू झाले. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी समुद्रातले पोवळ्याचे जिवंत प्राणी लंडनला आणले. पाण्याला हवा मिळावी म्हणून रोज ते पाणी खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचे. काम मात्र मोलकरीण करी. नंतर त्यांनी पेटीत समुद्रशेवाळ लावले. शेवाळाला उजेड मिळाला की ते पाण्यात प्राणवायू सोडते, मग सारखे पाणी ओतावे लागत नाही. फिलिप गॉस यांनी १८५४ साली या पेटीवर पुस्तक लिहिले. ते इतके वाचले गेले की लोक किनाऱ्यावर जाऊन प्राणी ओरबाडू लागले. ते मला आवडलं नाही.

खाऱ्या पाण्याच्या पेटीची एक गोष्ट आपल्यालाही करून बघता येईल. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी उन्हाने उडून जाते, पण मीठ उडत नाही. म्हणून पेटीतलं पाणी कमी झालं की गोडं पाणी घालायचं. खारं घातलं तर मीठ वाढत जातं आणि प्राणी मरतात. आपल्या मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा तिथे समुद्रातले मासे लोकांना काचेतून दाखवू लागले.

एवढ्या सगळ्यांत झानबाईंचे नाव मागे पडले. लोकांना वाटे की काचपेटी इंग्लंडमध्येच निघाली. १८५८ साली ओवेन यांनीच एका ज्ञानकोशात लिहिले की ही पेटी काढली ती झानबाईंनी. तेव्हा त्या जिवंत होत्या, हे चांगले झाले. शेवटी पॅरिसला युद्धात वेढा पडला, तेव्हा त्या शहर सोडून आपल्या जुन्या गावी झुयाकला परत आल्या. तिथेच २५ जानेवारी १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या ७६ वर्षांच्या होत्या.

१९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका विवराला झानबाईंचे नाव दिले. विवर म्हणजे मोठा खड्डा. शुक्र आपल्याला कधी संध्याकाळी, कधी पहाटे दिसतो. खड्डा मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, नातेपुते